बिननावाचा चौकोन

दुपारची भांडी घासून झाली की अणदुरात संघप्रियाचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे काय, तर विहाराच्या मागच्या गल्लीतली पत्र्याची खोली, खाली सतरंजी, आणि तिच्या धाकट्या भावानं, सुगतनं, नळाच्या उरलेल्या पाइपाचे तुकडे जोडून केलेला एक स्टँड. स्टँडच्या आडव्या नळीला मोबाइल पालथा बांधायचा, म्हणजे त्याला वरून सगळं दिसतं: संघप्रियाची मांडी, मांडीवरचं कापड आणि तिचे दोन हात. समोर पाटावर सुगतचा जुना लॅपटॉप. मोबाइल तिचे हात बायकांना दाखवी, लॅपटॉप बायकांचे हात तिला. तोंड कुणाचंच कुठं दिसत नसे.

हा नियम तिनंच घातलेला. वर्ग पहिल्यांदा जाहीर केला तेव्हा बायका आल्या खऱ्या, पण कॅमेरा कुणी सुरू करेना. कुणाचा सासरा ओसरीवर बसलेला, कुणाला मागच्या भिंतीचे पोपडे दाखवायची लाज. पडद्यावरच्या काळ्या चौकोनांना शिकवून शिकवून संघप्रियाचं डोकं उठलं. शेवटी ती म्हणाली, "बायांनो, तोंडं राहू द्या घरात. हात तेवढे दाखवा. सुई हातात धरायची असती, तोंडात न्हाय." बायका खिदळल्या आणि एकेक चौकोन उजळत गेला.

मग हातच ओळखीचे झाले. भूमच्या मथुराबाई गोठ्याच्या दावणीवर तांब्याला मोबाइल टेकवून बसायच्या, कारण त्यांच्याकडं रेंज तेवढ्याच जागी येते. त्यांच्या चौकोनातून अधूनमधून म्हशीची शेपटी फिरून जायची. ढोकीची शिवानी नवी सून. तिच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि दुपारी ती मोबाइलवर प्रवचन ऐकते अशी सासरच्यांची समजूत. तिनं आपल्या बरोबरीच्या इतक्या सुना वर्गात आणल्या की ढोकीत प्रवचनाची गोडी एकदम कशी वाढली, असं म्हाताऱ्यांना वाटत असणार. पुण्यात नोकरी करणारी, मूळची धाराशिवची आरोही रोज नखांना नवा रंग लावून यायची.

या हातांवर संघप्रियाचा जीव होता. आधी ती तुळजापुरात एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करायची. एकदा तिनं मालकाला आपलं भरतकाम दाखवलं, इथं विकायला ठेवू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काम झकास आहे गं. पण लग्नाच्या कापडावर तुझ्या हातचं म्हटलं तर..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. संघप्रियानं मनातल्या मनात पुरं केलं, कात्री त्याच्या टेबलावर ठेवली आणि दुपारच्या एसटीनं घरी आली. हा वर्ग तिचा स्वतःचा होता. तो मोडला तर पुन्हा तेच दुकान, किंवा तसलंच दुसरं, आणि पुन्हा ती अर्धी वाक्यं. त्यापेक्षा उसाच्या फडात गेलेलं बरं, असं ती आईला म्हणायची.

ती शिकवायची कर्नाटकी कशिदा. सोलापुरात प्रशिक्षणाला होती तेव्हा महादेवी आक्का नावाच्या बाईंजवळ बसून ती तो शिकली. या कशिद्याला छाप नाही, पेन्सिलीची रेघ नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत पुढं जायचं. दोऱ्याला गाठ मारायची नाही. जाताना एक टाका वर, एक खाली. मग आल्या वाटेनं परत यायचं आणि राहिलेल्या जागा भरायच्या. नीट जमलं तर कापडाची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली, हे करणारीलाही सांगता येत नाही.

पौषात, अणदूरचा खंडोबा दरवर्षीच्या मुक्कामाला नळदुर्गला गेलेला आणि गाव जरा सुस्तावलेलं असताना, तिनं मोर शिकवायला घेतला. त्याच आठवड्यात तो चौकोन आला.

सगळ्यांच्या शेवटी होता. प्रत्येक चौकोनाखाली नाव असतं. मथुराबाईंच्या चौकोनाखाली त्यांच्या नातवाचं असे, कारण मोबाइल त्याचा. या चौकोनाखाली काहीच नव्हतं. दोन हात होते, काळेसावळे, सुकलेले. नखं मांसापर्यंत झिजलेली. मनगटावर गोंदणाचे हिरवे ठिपके, आणि बांगडी एकही नाही.

"नवीन कोण आलंय शेवटी?" संघप्रियानं विचारलं. "नाव सांगा की."

आवाज आला नाही. हात मात्र तिच्याकडं बघत असल्यासारखे थांबले, आणि ती टाका घालायला लागली तसे चालू लागले. लाजत असेल बिचारी, असं म्हणून तिनं विषय सोडला. पहिल्या दिवशी कोण लाजत नाही?

पण नजर पुन्हा पुन्हा तिकडं जायला लागली. त्या बाईच्या मांडीवरचं कापड बाकीच्यांसारखं मॅटीचं, धागे सहज मोजता येणारं नव्हतं. पोत्यासारखं जाडंभरडं, जुन्या लुगड्याच्या काठाला लागून फाडलेलं. दोराही त्याच काठातून उसवून काढलेला दिसत होता. आणि सुई चमकत नव्हती. एवढ्या उन्हात सुई चमकत नाही म्हणजे काय? संघप्रियानं लॅपटॉप जवळ ओढून बघितलं. ती सुई नव्हती. बाभळीचा काटा होता, मागच्या जाड टोकाला भोक पाडलेला.

ऊन हीही एक गंमतच होती. वर्ग दुपारचा. सगळ्यांच्या चौकोनात दुपारचा पांढरा उजेड असायचा. त्या चौकोनात तिरपं, कोवळं, पिवळं ऊन पडलेलं, सकाळी भाकरीच्या वेळी पडतं तसं. एकदा ढग आले, भूमपासून ढोकीपर्यंत सगळे चौकोन एकामागोमाग मंदावले, मथुराबाईंनी गोठ्यातला दिवा लावला. त्या चौकोनातलं ऊन तसंच राहिलं. हातांची सावली खालच्या दगडावर जिथं होती तिथंच होती.

"परदेशात असेल कुणीतरी," सुगत म्हणाला. तो वीज मंडळात नोकरीला. वायर आणि फ्यूज सोडून कशावर त्याचा फारसा विश्वास नाही. "तिकडं सकाळ असती आपल्या दुपारी."

"परदेशात बाभळीच्या काट्यानं शिवत्यात का रं?"

"हौस असती एकेकाला."

संघप्रियाचाही भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यांच्या घरात अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची हे सगळं आजोबांच्या काळात उंबऱ्याबाहेर टाकलेलं. तिला खटकत होतं ते वेगळंच. ही बाई सगळं उलटं करत होती. संघप्रिया उजवीकडून निघाली की ती डावीकडून निघायची. संघप्रियाचा मोर उजवीकडं बघायचा, तिचा डावीकडं. टाके मात्र सुरेख, एकेक धागा मोजलेला.

"आरशासारखं दिसत असंल," सुगतनं सुचवलं. मग स्वतःच डोकं खाजवलं. "पण न्हाय. तसं आपलं आपल्याला उलटं दिसतं. दुसऱ्याचं सरळच दिसतं."

"मग?"

"मग ती उलटंच करतीया," तो म्हणाला आणि ड्यूटीवर गेला.

हळूहळू वर्गातल्या बाकीच्यांचे मोरही डावीकडं बघायला लागले. आधी ढोकीच्या दोघींचे, मग आरोहीचा. संघप्रियानं झापलं, तर आरोही म्हणाली, "सॉरी ताई. त्या शेवटच्या काकू आहेत ना, त्या इतकं सावकाश करतात की नजर त्यांच्याकडंच जाते. मी त्यांचं बघूनच केलं."

तेव्हा संघप्रियाला हसू आलं. म्हणजे काकू सगळ्यांना दिसतात, आणि आपल्यापेक्षा बरं शिकवतात! थोडी असूयाही वाटली, खोटं कशाला बोला. "काही बिघडत नाही," ती म्हणाली. "कापड पालथं करा. दोन्ही बाजू सारख्याच, मोर आपोआप उजवीकडं बघतो." बायकांनी कापडं पालथी केली, मोर फिरले, आणि सगळं कसं सोपं झालं.

शिवानीचा फोन आला तो सोमवारी, वर्गाच्या आधी. आवाज रडून बसलेला.

"ताई, माझा मोर फिरला."

"कापड उलटं धरलंस तू."

"न्हाय ताई. नणंदेच्या लग्नाचं ब्लाउज हाये ते. दोन बाह्यांवर दोन मोर, समोरासमोर बघणारे. तुम्हीच बघून बरोबर म्हणला होता. धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवलं. आज सासूबाईंनी काढलं तर एकानं पाठ फिरवलीया."

"बाही पालथी शिवली असशील..."

"ताई, बाहीच्या कडेला माझं नाव हाये भरलेलं. नाव सरळ हाये. मोरच तेवढा फिरलाय."

तिनं फोटो पाठवले. संघप्रियानं ते बोटांनी मोठे करकरून पाहिले. नाव सरळ वाचता येत होतं. त्याच्या वर मोर डावीकडं बघत होता. जुने टाके उसवले असते तर कापडाला बारीक भोकं राहिली असती. तशी भोकं नव्हती. दोरा तोच, रंग तोच, हात मात्र शिवानीचा नव्हता. शिवानी टाका ओढून घट्ट करते. हे टाके सैल, समान, एकेक धागा मोजलेले होते. ते कुणाचे, हे ओळखायला संघप्रियाला फोटो मोठा करायचीही गरज नव्हती. 

लग्नाच्या कापडावर पाठ फिरवलेला मोर म्हणजे ढोकीत केवढा हलकल्लोळ झाला असेल, ते सांगायला नको. प्रवचनाचं बिंग फुटलं. सुनांच्या हातातले मोबाइल तपासले गेले. संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर शिवानीचा निरोप आला: उद्या सगळ्यांनी तोंडं दाखवायची. जी दाखवणार नाही, तिला वर्गातून काढायचं. त्या शेवटच्या बाईला तर आधी. नाहीतर ढोकीच्या आम्ही सगळ्या बंद. खाली एकामागून एक हात जोडलेल्या खुणा पडल्या. ढोकीच्या गेल्या तर अर्धा वर्ग गेला, आणि अर्ध्या वर्गाच्या फीवर घर चालत नव्हतं.

वाईट हे, की मागणी रास्त होती. कोण आहे ते कळू तर द्या, एवढंच तर म्हणणं. पण तोंडं दाखवा म्हटलं की आणखी किती जणींना उठून जावं लागेल, हे शिवानी विसरली होती.

दुसऱ्या दिवशी सुगत मुद्दाम थांबला. संघप्रियानं लॅपटॉप लावला, तर वर्गाची वेळ व्हायची होती आणि एकच चौकोन उघडलेला: बिननावाचा. हात कापडावर टेकून वाट बघत होते.

सुगतनं त्या चौकोनावर टिचकी मारली. छोटी यादी उघडली, तळाशी शब्द होते: काढून टाका.

"ताई, एक बोट लावायचं. संपला विषय. ढोकीवाल्यांना सांगू, काढली म्हणून."

त्याचं बोट पुढं झालं. संघप्रियानं त्याचं मनगट धरलं. आपण ते का धरलं हे तिला लगेच सांगता आलं नसतं. तिला भीती वाटत होती.  पण त्या दोन शब्दांकडं बघून तिला भीतीपेक्षा राग जास्त आला, आणि तो त्या हातांचा नव्हता.

"वर्ग जाईल," सुगत म्हणाला.

"जाऊ दे."

तेवढ्यात तिची आई, बनाबाई, चहा घेऊन आली. म्हातारी या लॅपटॉपकडं कधी ढुंकून बघत नसे. आज कप ठेवायला वाकली आणि तशीच राहिली. मग तिनं सावकाश डोक्यावरून पदर घेतला.

"हा उंबरा हाय," ती म्हणाली.

"कसला उंबरा?"

बनाबाईनं पडद्यावरच्या दगडाला बोट लावलं. "ह्यो. बाई घरात बसून भरतीया, आन् ही भायेर बसून बघतीया. समोरनं. समोरनं बघितलं की तिचं उजवं ते आपलं डावं हुतंय. मग मोर तिकडं त्वांड करतोय."

संघप्रियाला महादेवी आक्कांची सतरंजी आठवली. आक्का पोरींना कायम आपल्या बाजूला बसवायच्या, खांद्याला खांदा लावून. त्याचं कारण तिनं कधी विचारलं नव्हतं.

"तुला काय ठाऊक गं, आई?"

"म्या बसले न्हाय व्हय तशी?" बनाबाई म्हणाली. "ल्हान असताना आईसंगं वाड्याचं अंगण झाडाया जायची. आतली बाई रेशमानं पाखरं काढायची. म्या बघत बसायची. आत ये असं कुणी म्हणलं न्हाय, आन् म्या गेलेबी न्हाय. दगड लई गार असतोय त्यो. सकाळचं ऊन पडतंय, तरीबी गारच."

"मग ही कोण आहे?"

"हात बघून कसं सांगू? आमच्या समद्या जणींचं हात असलंच व्हतं."

ती चहाचा कप तिथंच ठेवून आत गेली. सुगतनं यादी बंद केली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

वर्ग सुरू झाला. चौकोन उघडत गेले आणि त्यांत पहिल्यांदाच तोंडं आली. ती बघून संघप्रियाला ओळखच पटेना. बांगड्यांवरून शिवानी केवढी तरी मोठी वाटायची. प्रत्यक्षात विशीतली पोर, डोळे सुजलेले, मागं दाराच्या चौकटीत सासूची नऊवारी दिसत होती. आरोहीचं तोंड आलं. काही चौकोन उघडलेच नाहीत. त्या बायकांना घरात तोंड दाखवायची सोय नव्हती. मथुराबाईंनी हातच ठेवले.

"मावशी, तोंड दाखवा," शिवानी म्हणाली.

"माजं थोबाड बघून तुज्या मोराला पिसं फुटणार हायेत का गं?" मथुराबाई म्हणाल्या. "त्याच्यापरीस म्हस बघ. ती देखणी हाय." कुणी हसलं नाही.

शिवानी संघप्रियाकडं वळली. "ताई, त्या शेवटच्या बाईला सांगा. तोंड दाखव म्हणावं, न्हायतर जा म्हणावं."

बिननावाच्या चौकोनात हात निमूट होते. काटा दोन बोटांत धरलेला.

संघप्रियानं स्टँडवरचा मोबाइल सोडला, हातात धरला आणि स्वतःच्या तोंडासमोर आणला. वर्गातल्या बायका तिला पहिल्यांदाच बघत होत्या.

"माझं तोंड बघून घ्या," ती म्हणाली. "मी संघप्रिया. अणदुरात विहाराच्या मागं राहते. माझ्या हातचं कापड लग्नात चालत नाही म्हणणाऱ्याच्या दुकानातून मी उठून आले. या वर्गात मी कुणाला तोंड बघून घेतलं नाही. कुणाला तोंड बघून काढणारही नाही. ज्यांना जायचं त्यांनी जावं. मी थांबवणार नाही, आणि हातही जोडणार नाही."

शिवानीनं काही म्हणायला तोंड उघडलं. मागून सासूचा हात आला आणि चौकोन विझला. मग ढोकीचे सगळे विझले, पावसात चुली विझतात तसे, एकेक करून. मथुराबाई राहिल्या, आरोही राहिली, आणि इकडंतिकडं मोजक्या काही.  एवढ्या कष्टानं जमवलेले हात.

तिनं मोबाइल पुन्हा पालथा बांधला. मांडीवर नवं कापड घेतलं. दोरा ओवला.

"आक्का," ती त्या चौकोनाला म्हणाली, "तुमचा टाका चुकत नाही. तुम्हाला जागा चुकीची दिली होती."

हात ऐकत होते.

"समोर बसू नका. उठा तिथून. आत या."

सुगत दारात चुळबुळला. "ताई..."

"आत या," ती मोठ्यानं म्हणाली. "माझ्या बाजूला बसा."

हातांनी काटा कापडात खोचला. उठताना बायका सुई खोचतात, तसाच. कापडाची घडी झाली. मग हात चौकोनातून वर गेले.

उरला नुसता दगड. त्यावर ऊन.

दारात उभा असलेला सुगत एकदम भिंतीला चिकटला. का, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

संघप्रियाच्या उजव्या अंगाला गारवा आला. आधी गुडघ्याला, मग कोपराला, मग खांद्याला. ओल्या मातीचा आणि चुलीच्या राखेचा वास आला.

तिनं मान वळवली नाही.

"बाई," मथुराबाईंचा आवाज खाली गेला होता. "तुमच्या चौकोनात चार हात दिसत्यात."

"दिसू द्या."

"आक्का म्हणलं तर राग न्हाय ना यायचा त्येंला?"

"म्हणा."

संघप्रियानं पहिला टाका घातला. उजवीकडून. एक वर, एक खाली. मांडीवरचं कापड उजव्या बाजूनं अलगद ताणलं गेलं, दुसऱ्या कुणी कड धरल्यावर ताणलं जातं तसं. तिनं आपली कड सैल सोडली नाही.

एक वर. एक खाली. मग परत, त्याच वाटेनं.

"ताई," आरोही कुजबुजली. ती रडत होती की काय, कळत नव्हतं. "त्यांचा मोर उजवीकडं बघतोय. बरोबर जमतंय त्यांना."

संघप्रियाच्या डोळ्यांना धारा लागल्या. टाका मात्र तिनं चुकू दिला नाही. गेलेल्या जाऊ देत. ज्या शिकायला येतील त्यांना ती शिकवणार होती, मग त्या कुठूनही येवोत, कितीही उशिरा येवोत.

मोराचा तुरा पुरा झाला तेव्हा मथुराबाई पुन्हा बोलल्या.

"बाई, त्यो रिकामा चौकोन बघा."

तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. उंबऱ्याचा दगड रिकामा नव्हता. दुसरे दोन हात तिथं येऊन टेकले होते. लहान, परकरी पोरीचे. पोरीच्या मागं, त्या कोवळ्या उन्हात, मातीवर सावल्या पडल्या होत्या. डोक्यांवर पदर घेतलेल्या. चौकोनाच्या कडेपर्यंत, आणि कडेच्या पलीकडंही असणार.

"लई जणी हायेत ओ," मथुराबाई म्हणाल्या.

संघप्रिया सतरंजीवर जराशी सरकली.

"या," ती म्हणाली.

आतल्या खोलीतून बनाबाई आली.  काखेत दुसरी सतरंजी होती. ती तिनं झटकली आणि पहिल्या सतरंजीला लावून भिंतीपर्यंत अंथरायला घेतली. अर्धी अंथरून झाल्यावर ती थांबली, दाराकडं बघितलं, पदर सावरला, आणि कुणाला तरी आत यायला वाट देत बाजूला सरकली.